माजघराखालची भेग

सदर : घर आणि उतारवय

न्हाणीघरातील आधाराच्या दांड्यांविषयी मागील अंकात लिहिले, तेव्हा काही वाचकांनी एक नेमका प्रश्न विचारला. दांड्या बसवल्या, खरखरीत फरशी घातली, तरी फरशी ओली ती ओलीच. पुसून तास होत नाही तोच पुन्हा ओलसर लागते. यावर काय करावे? या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा फरशीच्या खाली सापडते. जमिनीखालून जाणारा सांडपाण्याचा पाइप तडकलेला असला, तर वरून कितीही पुसले तरी ओल हटत नाही. आमच्या घराने गेल्या वर्षी हा अनुभव घेतला. पाइपाची दुरुस्ती झाली आणि चांगली झाली. परंतु त्या चार दिवसांत आमच्या हातून एक चूक घडली व तिची किंमत माझ्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंना मोजावी लागली. म्हणून आज पाइपाविषयी आणि त्या चुकीविषयीही सविस्तर लिहिते.

आमचे घर सांगलीचे, १९७१ साली बांधलेले. मागील बाजूस न्हाणीघर व शौचालय, त्याला लागून स्वयंपाकघर आणि पुढे माजघर. शौचालयातून निघालेला पाइप माजघराच्या फरशीखालून जाऊन बाजूच्या बोळातील चेंबरला मिळतो. त्या काळी घराखालून असे पाइप नेण्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. पाइप चिनी मातीचे, दोन-दोन फुटी तुकड्यांचे, सिमेंटने जोडलेले. जमीन कृष्णाकाठची काळी. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा देते. वर्षातून एकदा वर आणि एकदा खाली असा हा तिचा श्वासोच्छ्वास चालूच असतो. चिनी मातीचा पाइप मात्र लवत नाही; सिमेंटचा सांधाही लवत नाही. त्यातच २०१९ च्या महापुरात घर कितीतरी दिवस पाण्यात उभे होते. पाणी ओसरल्यावर आम्ही भिंती धुतल्या, रंग दिला, दारे बदलली. जमिनीखाली काय झाले असेल, याचा विचार कोणाच्या मनात आला नाही.

सासूबाई घरात अनवाणी वावरतात. गेल्या चैत्रात त्या एकदा म्हणाल्या, “अगं, माजघरात देवाकडच्या बाजूला पायाला गार लागतं. ओल आहे तिथं.” मी हात लावून पाहिला, मला काही जाणवले नाही. यजमान म्हणाले, “आई, वयानं पाय गार पडतात. मोजे घालत जा.” त्यांनी मोजे घातले. आठ दिवसांनी पुन्हा तेच म्हणाल्या, तेव्हा आम्ही त्यांच्या तळपायांची तपासणी करून आणली. तळपायांत काही दोष निघाला नाही. माणूस वृद्ध झाला की त्याच्या प्रत्येक तक्रारीचे कारण आपण त्याच्या शरीरात शोधू लागतो. घरातही काही बिघडले असू शकेल, हे आपल्याला सुचत नाही.

मागे वळून पाहता खुणा पुष्कळ होत्या. माजघराच्या भिंतीला खालून हातभर लोणा चढला होता आणि रंगाचे पोपडे सुटत होते. तो पुराचा अवशेष असे आम्ही मानून चाललो होतो. शौचालयात पाणी ओतले की क्षणभर थांबून गुडगुड आवाज येई. झुरळे वाढली होती. बोळाच्या कडेला घुशीने बीळ केले होते. शहाबादी फरशीच्या सांध्यांतील सिमेंट एका ठिकाणी काळपट पडून भुसभुशीत झाले होते. दुर्गंधी मात्र आम्हा कोणालाच आली नाही. याला दोन कारणे असतात. वयाबरोबर घ्राणशक्ती मंदावते, हे एक; आणि सांडपाण्याच्या वायूचा मंद वास सतत येत राहिला तर तरुण नाकालाही त्याची सवय होऊन तो जाणवेनासा होतो, हे दुसरे. बाहेरून आलेल्या पाहुण्याला जो वास उंबरठ्यावरच येतो, तो घरातील माणसांना येत नाही. म्हणून पाहुण्याने नाक मुरडले तर राग मानू नये, त्याला नीट विचारून घ्यावे.

अखेर वैशाखात एक फरशी डुगडुगू लागली आणि सासूबाईंची काठी तिच्या कडेला अडकली. त्या पडल्या नाहीत, भिंतीने सावरले. त्याच संध्याकाळी आम्ही मिस्त्रींना बोलावले.

मिस्त्री सत्तरीच्या आसपासचे, आमच्या सासऱ्यांच्या वेळचे. त्यांनी प्रथम काठीच्या टोकाने फरशा वाजवून पाहिल्या. चार फरशा भरीव वाजल्या, दोन पोकळ. मग बादलीभर पाण्यात नीळ कालवून ती शौचालयात ओतली आणि स्वतः बोळातील चेंबरपाशी जाऊन बसले. निळे पाणी आले, पण बरेच उशिरा आणि ओतले त्या मानाने फारच थोडे. त्यानंतर त्यांनी चेंबरकडील पाइपाचे तोंड कापडाच्या बोळ्याने घट्ट बंद केले, वरून पाणी भरले आणि पाण्याच्या पातळीवर खूण केली. दहा मिनिटांत पातळी खुणेच्या पार खाली गेली. “वहिनी, पाणी कुठं जातंय ते आता विचारू नका,” ते म्हणाले, “आजींच्या पायाखाली जातंय.”

ही परीक्षा साधी असून तिला फारसा खर्च नाही. मोठ्या शहरांत पाइपात कॅमेरा सोडून भेग नेमकी कोठे आहे ते पाहता येते. फरशी उखडण्यापूर्वी तसे करणे शक्य असेल तर जरूर करावे, कारण त्यामुळे खोदकाम कमी होते.

तडकलेल्या पाइपाने आरोग्याला काय अपाय होतो, हे आता पाहू. पहिला धोका घसरण्याचा. ओलसर फरशी आणि खालची माती वाहून गेल्याने हलणारी फरशी, हे दोन्ही उतारवयात खुब्याच्या अस्थिभंगाला निमंत्रण आहे. दुसरा बुरशीचा. सतत ओल असलेल्या भिंतीवर बुरशी धरते आणि दमेकऱ्यांचा त्रास वाढतो. तिसरा उंदीर-घुशींचा. त्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्याचा व मातीचा जखमेशी संपर्क आला, तर लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. चौथा धोका डोळ्यांना दिसत नाही आणि म्हणूनच अधिक गंभीर आहे. आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसते. पाणी येते तेव्हा नळात दाब असतो. पाणी गेले की नळ रिकामा होतो आणि त्याच्या एखाद्या सैल सांध्यातून बाहेरची ओल आत शिरू शकते. ती ओल सांडपाण्याची असली, तर कावीळ, विषमज्वर, अतिसार या रोगांना घराची वाट मोकळी होते. आमच्या माजघरात खोदल्यावर पिण्याच्या पाण्याचा जुना नळ ड्रेनेजच्या पाइपापासून वीतभर अंतरावर आणि त्याच्याही खालच्या पातळीवर निघाला. ते पाहून मी किती तरी वेळ काही बोलू शकले नाही.

सांडपाण्याची वाहिनी ही घराची आरोग्यवाहिनी आहे, याचा मोठा धडा २००३ साली हाँगकाँगने घेतला. तेथील अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत सार्सची साथ पसरून ३०० हून अधिक रहिवासी आजारी पडले. तपासात असे आढळले की, अनेक न्हाणीघरांतील जमिनीवरच्या जाळीखालचे ट्रॅप कोरडे पडलेले होते. त्यांतून दूषित हवा व तुषार घरांत ओढले गेले असावेत. ज्या इमारतीत सर्वाधिक लोक आजारी पडले, तेथील सांडपाण्याच्या वायुवाहिनीला एक भेगही सापडली होती. ट्रॅप म्हणजे पाइपातील वाकडा भाग, ज्यात थोडे पाणी कायम साचून राहते आणि खालची हवा वर येऊ देत नाही. शौचपात्राच्या अशा वाकड्या नळीचे पेटंट १७७५ साली अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने घेतले होते. अडीचशे वर्षे होत आली, तरी तत्त्व तेच आहे : ओंजळभर पाणी घराचे रक्षण करते. घरातील जी मोरी किंवा न्हाणी वापरात नसेल, तिच्या जाळीत आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतावे, ते याच कारणासाठी.

आता दुरुस्तीकडे वळू. फरशी काढून अडीच फूट खोदल्यावर पाइप दिसला. एका सांध्याची गोल कड फुटली होती आणि तेथून पुढच्या तुकड्याला लांबच लांब भेग गेली होती. भेगेतून केसांसारख्या बारीक मुळ्यांची जुडी आत शिरली होती. बोळापलीकडच्या उंबराने पाण्याचा माग काढला होता. पाइपाखालची माती वाहून जाऊन तेथे घमेलेभर पोकळी झाली होती. यजमान म्हणाले, “मिस्त्री, भेगेवर सिमेंट लिंपलं तर?” मिस्त्रींनी मान हलवली. “साहेब, ओल्या पाइपावर सिमेंट धरत नाही. धरलं तरी जमीन पुढच्या पावसाळ्यात हलणारच. बाहेरून लिंपाल, आतून गळत राहील. मग पुन्हा फरशी उखडायची का?”

म्हणून शौचालयापासून चेंबरपर्यंतचा सगळा चौदा फुटांचा भाग बदलायचे ठरले. जमिनीखाली घालण्यासाठीचा जाड पीव्हीसी पाइप घेतला, त्याचे सांधे रबरी रिंगांचे. असे सांधे जमिनीबरोबर किंचित हलू शकतात, म्हणून काळ्या मातीत ते सोयीचे. मिस्त्रींनी ज्या गोष्टींवर भर दिला, त्या ज्यांच्या घरी असे काम निघेल त्यांनी लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट ढाळ. चार इंची पाइपाला साधारणपणे चाळीसास एक, म्हणजे दहा फुटांत तीन इंच एवढा उतार असावा. त्याहून फार कमी दिला तर मैला साचतो. उतार मनाने ठरवू नये, पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी पाहून घ्यावा.

दुसरी गोष्ट पाइपाची गादी. काळी माती पाइपाला थेट भिडू द्यायची नाही. चर थोडा रुंद व खोल घेऊन खाली चार इंच वाळू, दोन्ही बाजूंना वाळू आणि वरही वाळू. त्यावर मुरूम, तो सहा-सहा इंचांच्या थरांनी पाणी मारून धुमसून घ्यायचा. एकदम चर भरला की फरशी वर्षभरात खचते.

तिसरी, भिंतीखालून जाणारा भाग. भिंतीचा भार पाइपावर येता कामा नये. भोक पाइपापेक्षा मोठे ठेवून वर दगडी किंवा काँक्रीटची आडवी पट्टी द्यावी.

चौथी गोष्ट वळण. काटकोनी बेंड टाळावा. वळण सौम्य घ्यावे आणि त्यापाशी उघडून साफ करता येईल असे झाकण ठेवावे.

पाचवी, पिण्याच्या पाण्याचा नळ. तो ड्रेनेजच्या चरातून काढून वर आणि दूर न्यावा. आम्ही तो भिंतीवरून नेला. दिसायला बरा दिसत नाही. पण गळला तर डोळ्यांना दिसेल.

सहावी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, चर बुजवण्यापूर्वी पाण्याची परीक्षा. खालचे तोंड बंद करून पाइप भरावा, पातळीवर खूण करावी आणि अर्धा तास वाट पाहावी. प्रत्येक सांध्यावरून कोरडा हात फिरवावा. संध्याकाळ झाली, मजुरांना घरी जायचे आहे, म्हणून ही पायरी गाळली जाते आणि मग सारे पाण्यात जाते.

काम करणाऱ्यांच्या हातांत रबरी मोजे आणि पायांत बूट असावेत. हे पाहणे घरमालकाचे कर्तव्य आहे. चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये माणसाला उतरवू नये. तेथील विषारी वायूने क्षणात प्राण जातो, आणि सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला तेथे उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे.

एवढे सगळे आम्ही नीट केले. ढाळ पाव इंचाच्या हिशेबाने मोजला. वाळू चाळून घेतली. यजमानांनी वहीत रोजचा खर्च आणि मोजमापे लिहिली. आता ती चूक सांगते.

चार दिवस घरातील शौचालय बंद राहणार होते. शेजारच्या वहिनींनी आपणहून सांगितले, “काकूंना खुशाल आमच्याकडे आणा.” आम्ही त्यांचे आभार मानले आणि प्रश्न सुटला असे समजलो. शेजारचे घर वीस पावलांवर. पण मध्ये चार पायऱ्या, आणि त्यांचे शौचालय भारतीय पद्धतीचे. सासूबाईंच्या गुडघ्यांना ते झेपणारे नव्हते. माझ्या हाताला धरून त्या पहिल्या दिवशी दोनदा गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा. दुपारी विचारले तर म्हणाल्या, “आत्ता नको गं.” वैशाखातले सांगलीचे ऊन, घरात धूळ, खोदकामाचा आवाज. मी मजुरांचा चहा आणि सगळ्यांचा स्वयंपाक यांत गुंतले होते. त्यांच्या उशाशी ठेवलेला तांब्या संध्याकाळी भरलेलाच असे, हे माझ्या डोळ्यांना दिसत होते. लक्षात येत नव्हते.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्यांनी मला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारली. ती बहीण जाऊन बारा वर्षे झाली. “गाडी किती वाजताची आहे?” असे दोनदा विचारले. हात लावला तर अंग कोमट, ओठ सुकलेले, जीभ कोरडी. मी घाबरून यजमानांना हाक मारली. ते म्हणाले, “धुळीनं आणि दगदगीनं झालं असेल, झोपल्या की बरं वाटेल.” परंतु त्या उठून उभ्या राहताना झोक गेला, तेव्हा आम्ही थांबलो नाही.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्तदाब मोजला आणि आम्हाला एकच प्रश्न विचारला : “आजींना काल लघवीला किती वेळा झाली?” यजमानांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे. पाइपाचा ढाळ किती, सांधे किती, वाळू किती घमेली, हे आम्ही दोघांनीही तोंडपाठ सांगितले असते. या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणाजवळ नव्हते.

शरीरातील पाणी कमी झाले होते आणि मूत्रमार्गात संसर्ग झाला होता. सलाइन लावावे लागले, प्रतिजैविके द्यावी लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली आणि घड्याळात किती वाजले ते विचारले. तोवरच्या दोन रात्री मी त्यांच्या खाटेशेजारी खुर्चीवर बसून काढल्या. डॉक्टरांनी समजावून सांगितले की, उतारवयात तहान कमी लागते, त्यामुळे पाणी कमी पडल्याची जाणीव शरीराला उशिरा होते. मुद्दाम पाणी टाळले तर दोन-तीन दिवसांतही तोल जाणे, बद्धकोष्ठ, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि अचानक गोंधळणे अशा तक्रारी दिसू लागतात. एकाएकी आलेला गोंधळ हा ‘वयाचा भाग’ समजू नये. तो आजाराची खूण असतो आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.

घरी आल्यावर मी त्यांना विचारले, “आई, पाणी का नाही प्यायलात? मला सांगायचं तरी.” त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “दुसऱ्याच्या घरी किती वेळा जायचं गं? आणि प्रत्येक वेळी तुला कामातून उठवायचं. चार दिवसांचाच तर प्रश्न होता.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यांनी आपल्या परीने आमची सोय पाहिली होती. लघवीला जाण्याची पंचाईत नको म्हणून पाणी सोडायचे, हे प्रवासात, लग्नकार्यात, दुसऱ्याच्या घरी आपल्याकडच्या बायका जन्मभर करत आलेल्या असतात. तरुणपणी शरीर ते सोसते. चौऱ्याऐंशीव्या वर्षी सोसत नाही.

मिस्त्री त्यांना पाहायला आले, तेव्हा हळहळले. “आजींचं आधी बोलला असता, तर मी काम वेगळ्या रीतीनं केलं असतं,” ते म्हणाले. “जुनी लाइन चालू ठेवून दोन फूट बाजूनं नवी टाकली असती. शेवटच्या दिवशी सकाळी जुना जोड तोडायचा, दुपारपर्यंत नवा द्यायचा. अर्ध्या दिवसाचाच प्रश्न होता.” खर्च थोडा वाढला असता. आम्ही त्यांना कधी विचारलेच नव्हते. घरात सगळ्यांत वृद्ध कोण आहे, त्यांना शौचालय दिवसातून किती वेळा लागते, रात्री किती वेळा उठावे लागते, ही माहिती मिस्त्रींना पाइपाच्या मापाइतकीच आवश्यक असते. संकोचामुळे ती त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी असे काम निघणार आहे, त्यांच्यासाठी आमच्या चुकीतून शिकलेल्या काही गोष्टी येथे देते.

काम ठरवण्यापूर्वी मिस्त्रींना स्पष्ट विचारावे की, शौचालय नेमके किती तास बंद राहील आणि ते तास कमी कसे करता येतील. नवी लाइन बाजूने टाकणे शक्य आहे का, हेही विचारावे.

कमोडची खुर्ची भाड्याने आणावी. वैद्यकीय साहित्याच्या दुकानांत, तसेच काही सेवाभावी संस्थांकडे ती मिळते. खुर्ची वृद्ध व्यक्तीच्या खाटेजवळ, पडद्याआड ठेवावी. भांडे रिकामे करण्याची व्यवस्था आधी ठरवावी आणि ते काम हसतमुखाने करावे. आपल्या चेहऱ्यावर आलेली एक आठी त्यांच्या पाण्याचे दोन पेले कमी करते.

वृद्ध व्यक्तीला शक्य असेल तर काम संपेपर्यंत लेकीकडे किंवा नातलगांकडे पाठवावे. पण तेथील शौचालय त्यांना झेपणारे आहे ना, हे आधी स्वतः जाऊन पाहावे. ‘व्यवस्था झाली’ एवढ्या शब्दांवर समाधान मानू नये.

पाण्याची नोंद ठेवावी. किती प्यायले आणि किती वेळा लघवीला झाली, या दोनच गोष्टी कागदावर रेघा मारून टिपल्या तरी पुरे. सरबत, ताक, पेज, नारळपाणी यांनी चव पालटते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र पाण्याचे व अशा पेयांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. लघवीचा रंग गडद झाला, जळजळ झाली, ताप आला किंवा बोलण्यात विसंगती आली, तर वाट पाहू नये.

चराभोवती दोरी किंवा बाके आडवी लावावीत आणि रात्रभर दिवा चालू ठेवावा. झोपेतून उठलेल्या वृद्धाला दिवसा खोदलेला खड्डा आठवतोच असे नाही. धूळ उडू नये म्हणून माती ओलसर ठेवावी. दम्याचा त्रास असणाऱ्यांना त्या खोलीपासून दूर झोपवावे. काम संपल्यावर फरशी घट्ट बसेपर्यंत त्या भागावरून चालू नये, आणि मग सारी जागा धुऊन कोरडी करावी.

आणि सर्वांत आधीची गोष्ट. घरातील वृद्ध व्यक्ती जेव्हा म्हणते की येथे ओल आहे, वास येतो आहे, रात्री पाण्याचा आवाज येतो आहे, तेव्हा तिच्या शरीराची तपासणी करण्याबरोबर घराचीही करावी. ती दिवसाचे चोवीस तास त्या घरात असते. तिचे पाय त्या फरशीला आपल्यापेक्षा अधिक ओळखतात.

काम पुरे झाल्यावर पंधरा दिवसांनी मी सासूबाईंना हात धरून माजघरात नेले. त्यांनी मोजे काढले, काठी माझ्या हाती दिली आणि नव्या फरशीवर देवाकडच्या बाजूला आधी एक पाऊल, मग दुसरे असे टेकवून क्षणभर उभ्या राहिल्या. “कोरडी आहे,” त्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, “तांब्या आण. तहान लागली.”